सूचनाफलक

‘कॉन्डोमिनियम’ हा शब्द मूळचा लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे सह आणि ‘डोमिनियम’ म्हणजे स्वामित्व. दोन राजसत्ता एकाच मुलखावर मिळून राज्य करू लागल्या की युरोपात त्या व्यवस्थेला हे नाव देत. राजांच्या भांडणांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हाच शब्द पुढे एका उंच इमारतीत राहणाऱ्या दोनशे कुटुंबांना का चिकटला असावा, हे निराळे सांगावयास नको. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १९६७ साली आपला पहिला कॉन्डोमिनियम कायदा केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७० साली, महाराष्ट्रानेही अपार्टमेंट ओनरशिपचा कायदा केला आणि त्याखाली नोंदलेल्या इमारतींच्या संघासही कॉन्डोमिनियमच म्हणतात. परंतु आपल्याकडे सहकारी सोसायटी अधिक रुजली आणि तो लॅटिन शब्द वकिलांच्या कपाटातच पडून राहिला. तिकडे तो घरोघरी गेला आणि बोलण्याच्या घाईत त्याचा ‘कॉन्डो’ झाला.

अशा एका कॉन्डोमध्ये आम्ही उभयतांनी २०२४च्या ऑक्टोबरपासून सहा महिने काढले. टोरांटो शहराच्या ऐन मध्यभागी, सेंट लॉरेन्स मार्केटपासून चार पावलांवर, १९८०च्या दशकात बांधलेली ती इमारत. सतराव्या मजल्यावर कन्येचे घर. वसईतील आमच्या वाडीत माडाच्या झावळीपेक्षा उंच असे आम्ही कधी राहिलो नव्हतो. हरित वसईच्या चळवळीच्या दिवसांत ‘बिल्डिंग’ हा शब्द आमच्या आळीत जवळजवळ शिवीसारखा उच्चारला जाई. त्यामुळे पहिले काही दिवस खिडकीपाशी जाऊन खाली पाहण्याचेही धाडस आम्हांला होईना.

कन्या आणि जावई सकाळी कामावर जात. मागे उरत असू आम्ही दोघे, भिंतीवरचे घड्याळ आणि सूचना. आमच्या कन्येच्या इमारतीत सूचनांना तोटा नव्हता. लिफ्टमध्ये काचेच्या चौकटीत एक, टपालपेट्यांच्या खोलीत दुसरी, तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या मेजावर तिसरी. उभा जन्म शाळेत काढल्यामुळे लिहिलेले काहीही वाचल्याशिवाय पुढे जाण्याची आम्हांला सवय नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत त्या इमारतीच्या कारभाराविषयी कन्येपेक्षा आम्हांलाच अधिक कळू लागले होते. कन्या म्हणे, “डॅडी, इथे कुणी वाचत नाही ते.” तेच तर आमच्या ध्यानात येऊ लागले होते.

ज्यांची मुले त्या देशात आहेत आणि जे हिवाळ्यात त्यांच्याकडे जाऊन राहणार आहेत, त्यांच्यासाठी त्यांतील काही सूचनांचा अर्थ येथे सांगून ठेवतो.

पाणी बंद राहण्याची सूचना नेहमी घराच्या शेवटच्या आकड्यावरून निघते. ‘०४ क्रमांकाच्या घरांचे पाणी नऊ ते चार बंद’ असे लिहिलेले असते. ४०४, ५०४, १७०४ ही सारी घरे एकावर एक असतात आणि एकाच उभ्या नळावर पाणी पितात. तेव्हा वरच्याने तोटी उघडी टाकली तर खालच्याच्या छतातून धार लागते. पाणी परत आल्यावर प्रथम न्हाणीघराची तोटी सोडून गढूळ पाणी जाऊ द्यावे, चहाचे आधण त्यानंतर ठेवावे. दुसरी सूचना ऋतुबदलाची. कित्येक जुन्या इमारतींत उष्ण आणि थंड पाण्यासाठी नळांची एकच जोडी असते. हिवाळ्यात तिच्यातून गरम पाणी खेळते व उन्हाळ्यात थंड. हा बदल वर्षातून दोनदाच करतात. वसंतात चार दिवस उकडले म्हणून आपल्या एका घरासाठी गारवा मिळत नाही, आणि त्याबद्दल पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वासाच्या सूचनेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिचा रोख आमच्याकडे असावा असा आम्हांला दाट संशय आहे. आम्ही येथून सुके बोंबील नेले नव्हते. ते तेथे दुकानात मिळाले. डिसेंबरात एका दुपारी ते भाजले आणि धूर जावा म्हणून बाल्कनीचे दार उघडले. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये सूचना झळकली की, स्वयंपाक करताना खिडक्या उघडू नयेत. आम्हांला हे उफराटे वाटले. जावयाने उलगडा केला. या इमारतींत व्हरांड्यामध्ये यंत्राने ताजी हवा लोटतात. ती दाराखालच्या फटीतून प्रत्येक घरात शिरते आणि घरातील हवा पंख्यावाटे बाहेर पडते. म्हणून दार बंद असले की घरचा वास घरातच राहतो. बाल्कनी उघडली की तळ्यावरून येणारा वारा उलटा शिरतो आणि बोंबलांचा दरवळ व्हरांडाभर होतो. दाराखालची ती फट थंडी वाजते म्हणून कापडाने बुजवू नये, असेही त्या सूचनेत होते. त्यानंतर आम्ही दार मिटून, पंखा लावून बोंबील भाजले आणि कोणाची तक्रार आली नाही.

खिडक्या धुणारे दोरावरून उतरणार आहेत तेव्हा पडदे ओढा. सामान हलवायचे तर मालाची लिफ्ट आधी राखून ठेवा व अनामत भरा. काचेच्या बाटल्या रात्री कचऱ्याच्या नळीत सोडू नका. घड्याळे बदलाल त्या दिवशी धूरसूचक यंत्राची बॅटरीही बदला. यांत कळण्यासारखे कठीण काही नाही. आलेल्या-गेलेल्यांना रात्रीपुरते घर भाड्याने देण्यावर टोरांटो नगरपालिकेचेच बंधन आहे: जे घर आपले मुख्य निवासस्थान असेल तेच देता येते, तेही नगरपालिकेकडे नोंद करून, आणि संपूर्ण घर वर्षाकाठी १८० रात्रींहून अधिक नाही. त्यावर इमारतीचे स्वतःचे नियम आणखी कडक असू शकतात.

एका सूचनेशी मात्र आमचे शेवटपर्यंत जुळले नाही. मुख्य दारातून शिरताना आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी दार धरून ठेवू नये, असे ती सांगे. चोऱ्या होतात, टपालाची पुडकी जातात, हे खरे. तरी मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्याचे आमच्या हातून काही होईना. आम्ही बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून दाराबाहेरच थांबत असू.

टपालपेट्यांपाशीच आमची मावशींशी ओळख झाली. आमच्या हातातील पुडक्यावरचे आडनाव वाचून नवव्या मजल्यावरील त्या वृद्ध बाई फाडफाड पोर्तुगीज बोलू लागल्या. आम्ही इंग्रजीत सांगितले की, आम्हांला त्यातील ओ की ठो कळत नाही. आम्ही हिंदुस्थानातल्या वसईचे. १७३९ साली मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज गेले, आडनावे तेवढी राहिली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे आमच्या लोकांनी तुम्हांला नाव दिले आणि भाषा द्यायची विसरले!” त्या अझोर्स बेटांपैकी साओ मिगेलच्या. तरुणपणी नवऱ्यामागोमाग टोरांटोत आल्या. नवरा बांधकामावर काँक्रीट ओतण्याचे काम करी. त्या रात्री बँकांच्या उंच इमारतींतील कचेऱ्या झाडीत-पुशीत. टोरांटोचे हे गगनचुंबी रूप उभे करण्यात पोर्तुगीज मजुरांचा वाटा फार मोठा आहे. नवरा निवर्तला होता, मुलगा ब्रॅम्प्टनला राहत होता. आमच्या सौभाग्यवती त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्याचा अर्थ सांगितल्यावर बाई एवढ्या खूश झाल्या की पहारेकऱ्यालाही त्यांनी तो शब्द शिकवला.

जानेवारीत एका रात्री धोक्याची घंटा झाली. बाहेर उणे अठरा अंश. त्या घंटेच्या दोन चाली असतात: संथ टोले म्हणजे तयारीत राहा, जलद टोले म्हणजे बाहेर पडा. त्या रात्री जलद टोले पडले. लिफ्ट बंद. आम्ही सतरा मजले जिन्याने उतरू लागलो. नवव्या मजल्याशी सौभाग्यवतींनी हट्टाने दार उघडून आत डोकावले, तर मावशी आपल्या उंबऱ्यात खुर्ची टाकून, अंगावर कोट चढवून, जपमाळ हातात धरून बसलेल्या. कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना जिना उतरता येत नसे. आम्ही दोन म्हातारी त्यांना उचलून नेणार तरी कशी! बसून राहिलो त्यांच्यापाशीच. वीस मिनिटांनी अग्निशामक दलाचे जवान वर आले. चौथ्या मजल्यावर कोणाचा तरी तवा जळला होता, एवढेच.

पण एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. लिफ्टमध्ये दोन महिने एक सूचना होती: ज्यांना संकटसमयी मदत लागेल त्यांनी आपले नाव व घरक्रमांक कचेरीत नोंदवावा, ही यादी अग्निशामक दलासाठी इमारतीत ठेवलेली असते आणि जवान आल्याबरोबर प्रथम ती पाहतात. मावशींचे नाव तीत नव्हते. त्यांना वाटे, दुबळ्या माणसांची यादी केली की ती चोरांच्या हाती पडते. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी त्यांना कचेरीत नेले आणि नाव लिहवून घेतले. ज्यांचे वृद्ध आईवडील उंच इमारतीत राहतात त्यांनी हे काम आजच करावे. आणि व्हरांड्यात धूर असेल तर बाहेर पडण्याचा अट्टाहास करू नये. दाराच्या फटीत त्या वेळेपुरते ओले टॉवेल कोंबावेत, दूरध्वनीवरून ९११ला घराचा क्रमांक सांगावा आणि खिडकीपाशी थांबावे.

फेब्रुवारीत टोरांटोवर पाठोपाठ हिमवादळे आली आणि त्याच पंधरवड्यात एक जाड पाकीट प्रत्येक दाराखालून आत सरकले. ते मात्र सर्वांनी वाचले.

ओंटारिओच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉन्डोला राखीव निधी ठेवावा लागतो. छप्पर, लिफ्ट, नळ, मोटारींचे तळघर यांच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी हा निधी असतो आणि दर तीन वर्षांनी जाणकाराकडून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या कन्येच्या इमारतीतील तपासणीत निघाले ते असे की, तळघरातील मोटारींच्या दोन मजल्यांचे जलरोधक आवरण ठिकठिकाणी निकामी झाले आहे, खालचे काँक्रीट पोकळ वाजते आहे, आणि काम लांबणीवर टाकता येणार नाही. निधीत पैसा अपुरा. म्हणून महिन्याच्या वर्गणीखेरीज प्रत्येक घरावर खास आकारणी. कन्येच्या वाट्याला साडेनऊ हजार डॉलर, मावशींचे घर थोरले म्हणून बारा हजारांवर.

अशा आकारणीला सभासदांची संमती लागत नाही; संचालक मंडळ ती बसवू शकते. थकबाकी राहिली तर संघ त्या घरावर बोजा चढवतो, आणि तो बोजा बँकेच्या गहाणाच्याही आधी येतो. प्रकरण विकोपाला गेले तर घर विकूनही वसुली होऊ शकते. म्हणजे बारा हजार डॉलर हा मावशींच्या दृष्टीने केवळ आकडा नव्हता.

इमारतीत गट पडले. एका गटाने मंडळालाच काढून टाकावे आणि काम दोन-तीन वर्षे पुढे ढकलावे असा घाट घातला. कायद्याने पंधरा टक्के घरांच्या मालकांनी लेखी मागणी केली की मंडळाला पस्तीस दिवसांच्या आत सभा बोलवावी लागते. दोनशे घरांत तीस सह्या त्यांनी दोन दिवसांत जमवल्या. त्यांच्यात दुष्ट माणसे होती असे आम्ही म्हणणार नाही. नोकरी गेलेला एक तरुण होता, तान्ह्या बाळाची एक आई होती, आणि घर भाड्याने देऊन दुसऱ्या शहरात राहणारे कित्येक मालक होते.

आमच्या घरीही दोन पक्ष झाले. जावयाचा मनसुबा असा होता की, दोन वर्षांनी हे घर विकून मिसिसागात बागेचे घर घ्यावे. काम दोन वर्षे लांबले तर साडेनऊ हजार पुढचा घेणारा भरील. कन्येला हे पटेना. आता गंमत अशी की, कॉन्डोत मत घराला असते, माणसाला नव्हे. एका घराचे दोघे मालक आणि दोघांची मते विरुद्ध, तर त्या घराचे मत मोजलेच जात नाही. नवराबायकोने एकमत केल्याखेरीज मतपेटी त्यांना ओळखत नाही! आठ दिवस जेवणाच्या टेबलावर तोच विषय. आम्ही पाहुणे. पाहुण्यांनी जेवावे आणि मत मागितल्याशिवाय देऊ नये, हे सूत्र आम्ही पाळले.

मग एका संध्याकाळी कन्येनेच विचारले, “डॅडी, तुम्ही काय कराल?” आम्ही तिला एलियट लेकची हकीकत सांगितली. ती आम्ही तिच्याच गावच्या ग्रंथालयात वाचली होती. ओंटारिओच्या उत्तरेस एलियट लेक नावाचे लहान शहर आहे. तेथील बाजारसंकुलाच्या छतावर मोटारी उभ्या करण्याची सोय होती. १९८० साली ते सुरू झाले आणि जवळजवळ तेव्हापासूनच गळू लागले. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते मोटारींच्या चाकांबरोबर आत येते, पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर खाली झिरपत पोलादापर्यंत पोहोचते. मालक बदलत गेले, गळती राहिली. खाली बादल्या ठेवून दुकाने चालू होती. २३ जून २०१२ रोजी छताचा एक भाग खाली आला आणि दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. पुढे चौकशी आयोग बसला. कोणाला माहीत नव्हते असे त्यात निघालेच नाही.

आणि नऊ वर्षांनी, संत योहान बाप्तिस्त्याच्या सणादिवशी, २४ जून २०२१च्या पहाटे अमेरिकेत फ्लोरिडातील सर्फसाइड येथे बारा मजली कॉन्डो झोपेतील माणसांसह कोसळला. ९८ जण गेले. त्या इमारतीच्या काँक्रीटची दुरवस्था अभियंत्याने २०१८ सालीच लिहून दिली होती. दुरुस्तीचा खर्च सुमारे दीड कोटी डॉलर. सभासदांत वाद झाले, संचालक बदलले, आणि आकारणी मंजूर झाली ती कोसळण्याच्या अवघे दोन-तीन महिने आधी. मूळ बांधणीतच तलावालगतच्या स्लॅबची ताकद कमी होती, असे सरकारी तपासात पुढे आले हे खरे. परंतु ज्या पत्रात ‘नुकसान वेगाने वाढत आहे’ असे सभासदांना कळवले होते ते पत्र त्याच वर्षीच्या एप्रिलमधील आहे. त्यानंतर २०२२ साली फ्लोरिडाने कायदा बदलला. राखीव निधी भरण्यास सभासद बहुमताने नकार देऊ शकत, ती मुभा इमारतीच्या मुख्य भागांपुरती काढून घेण्यात आली.

जावई ऐकत होता. काही न बोलता तो विजेरी घेऊन खाली गेला. अर्ध्या तासाने परतला तो तळहाताएवढा काँक्रीटचा एक तुकडा घेऊन. त्याच्या मोटारीच्या जागेमागे, छतावरून पांढऱ्या लोंब्या लोंबतात तेथे, तो पडलेला होता. तुकड्याच्या एका अंगाला लोखंडाच्या गजाची खाच स्पष्ट दिसत होती आणि खाच पूर्ण तांबडी. टेबलावर ठेवताच तिची माती सांडली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा अडवतो. म्हणून तो आतून काँक्रीट फोडीत बाहेर येतो. “बाय, पूस ते,” एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या. त्या रात्री मतपत्रिका भरली गेली.

सभा मार्च महिन्यात झाली. निम्मे लोक तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात, निम्मे आपापल्या घरी संगणकाच्या पडद्यावर. ओंटारिओत तशी सोय आता कायद्यानेच आहे. आम्हांला मत नव्हते, पण मावशींची चाकाची खुर्ची लोटण्यासाठी कोणी तरी हवे होते, म्हणून आम्ही हजर राहिलो. अभियंत्याने चित्रे दाखवली. लोखंडी साखळी जमिनीवरून ओढत नेतात. शाबूत काँक्रीट खणखणते आणि सुटलेले काँक्रीट बद्द वाजते. आपल्याकडे मडके घेताना बोटाने वाजवून पाहतात, तोच प्रकार. त्यावर एका गृहस्थाने दुसऱ्या अभियंत्याचे मत घ्यावे असे सुचवले, दुसऱ्याने कर्ज काढावे म्हटले. कर्जासाठीही निम्म्याहून अधिक घरांनी पोटनियमास कौल द्यावा लागतो, असे वकिलाने सांगितले तेव्हा तो गृहस्थ खाली बसला.

मावशींनी हात वर केला. आम्हांला धास्ती वाटली, कारण ढकलणाऱ्या गटाने त्यांचे नाव सर्वांत आधी पुढे केले होते: या विधवा बाईने बारा हजार कोठून आणावेत? त्यांचा मुलगा घर विकून ब्रॅम्प्टनला चला म्हणून मागे लागला होता. मावशी मोडक्या इंग्रजीत बोलल्या. त्यांचा नवरा, म्हणाल्या, चाळीस वर्षे काँक्रीट ओतीत होता. रविवारी मिस्सेला जातानाही तो भिंती ठोकून पाहत असे आणि घरी येऊन सांगत असे की अमुक जागी पाणी शिरले आहे. या इमारतीच्या तळघराविषयी तो दहा वर्षांपूर्वीच बोलला होता. “तेव्हा मी त्याला गप्प बस म्हणाले, कारण तेव्हाही आमच्याजवळ पैसे नव्हते. पैसे आजही नाहीत. उद्या असतील असे कोणी मला लिहून देत असेल तर मी थांबते.” मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “चला, मला वर न्या, गोळीची वेळ झाली.”

संचालकाला मुदतीआधी काढण्यासाठी इमारतीतील एकूण घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांची मते लागतात, नुसती हजर असलेल्यांची नव्हेत. दोनशेंपैकी एकशे एक. हजर घरे एकशे अठ्ठावीस. काढा म्हणणारी एकाहत्तर. म्हणजे हजर लोकांत विरोधकांचेच पारडे जड होते, आणि मंडळ टिकले ते जे आले नाहीत त्यांच्यामुळे. यात लोकशाहीचा जय झाला असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. तरी त्या सभेतून एक बरे निघाले: मंडळाने आकारणीचे बारा मासिक हप्ते पाडून दिले.

मावशींनी हप्ते भरावयाचे ठरवले. त्या उन्हाळ्यात साओ मिगेलला जाण्यासाठी त्यांनी तिकिटाचे पैसे वेगळे ठेवले होते. त्यांची धाकटी बहीण तेथे अंथरुणाला खिळली होती. ते पैसे पहिल्या चार हप्त्यांत गेले. ईस्टरला त्यांनी आमच्याकडे अख्खे अंडे घालून भाजलेला गोड पाव पाठवला. त्यानंतर आठवड्याने आम्ही निघालो. बहिणीविषयी आम्ही काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही.

आम्ही परतून चार महिने होतात न होतात तोच, २०२५च्या ऑगस्टात, गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री विरार पूर्वेस परवानगीविना बांधलेल्या चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे दगावली. आमच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. स्टेशनानजीक आमच्या नावे एक सदनिका आहे. चिरंजीव तेथे राहतात. इमारतीला पंचवीस वर्षे होऊन गेली. आपल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यावयाची असते. त्याखेरीज बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी दरसाल गोळा करावयाचा असतो. कागदावर आपण ओंटारिओच्या फारसे मागे नाही. समुद्राची खारी हवा तर आपल्याकडे बारमाही आहे. तिला मोटारीच्या चाकांची गरज लागत नाही.

सप्टेंबरातल्या वार्षिक सभेला आम्ही दोघे गेलो. गणसंख्या भरली नाही. सभा अर्धा तास तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे त्याच जागी, त्याच बारा माणसांत, गणसंख्येवाचून पुन्हा भरली. मागील तपासणीचा अहवाल आम्ही मागितला. सचिव भला माणूस. त्याने दप्तर धुंडाळले आणि तसा अहवालच नसल्याचे सांगितले. एका सभासदाने हसून विचारले, “सर, कॅनडाहून हे शिकून आलात काय?” आम्ही होय म्हटले. ठराव झाला, अभियंता आला, त्याने लहानशी हातोडी घेऊन तीन दिवस इमारत वाजवली. गच्चीवरील टाकीखालचे चार खांब आणि जिन्यालगतची एक तुळई बद्द वाजते, असे त्याच्या अहवालात आहे. आमच्या वाट्याची रक्कम आम्ही भरली. एकवीस सदनिकांपैकी सहा अद्याप बाकी आहेत. काम टाकीपासून सुरू व्हावयाचे असल्याने तोपर्यंत वरच्या दोन मजल्यांना तळमजल्याच्या हौदावरून पाणी चढवावे लागणार आहे, आणि त्या पंपाच्या विजेचा खर्च कोणी द्यावा यावर या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पुन्हा बैठक आहे.